पऱ्हाटीतले रूळ

यवतमाळ जिल्ह्याची दोन छायाचित्रं महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. एकात कुडाच्या भिंतीपुढे बाई बसलेली असते आणि तिच्या मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो असतो. दुसऱ्यात अडीच फुटी रुळांवरून डुलत येणारी छोटी गाडी असते, दारांत माणसं लोंबकळत असतात, बाजूच्या वावरात बैल मान वर करून बघत असतात. पहिलं चित्र दैनिकाच्या पहिल्या पानावर जातं, दुसरं रविवारच्या पुरवणीत. पहिल्याखाली कर्जाचा आकडा असतो, दुसऱ्याखाली ‘इंग्रजांच्या मालकीची शेवटची रेल्वे’ अशी ओळ. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण ती एकमेकांना कधी भेटत नाहीत. बाई बसलेली असते ते घर आणि गाडी जाते ते वावर यांच्यात कित्येकदा दोन कोसांचंही अंतर नसतं. दोघांच्या मुळाशी पीक एकच आहे: कापूस.

या पुस्तकातली छायाचित्रं त्या दोन चित्रांच्या मधल्या जागेत काढलेली आहेत. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, त्याच्या काठची वावरं, थांबे, फाटकं, पूल आणि रुळांवरून रोज ये-जा करणारी माणसं असा त्याचा ऐवज. सगळी चित्रं गाडी बंद पडल्यानंतरची आहेत. रुळांवरून काही येणार नाही हे ठाऊक असताना ती काढली आहेत. पुस्तकाचा विषय रेल्वे की शेती, असं अनेकांनी विचारलं. रेल्वेवेड्या वाचकांना यात इंजिन सापडणार नाही, शेतीच्या अभ्यासकांना रूळ जास्त वाटतील. माझं म्हणणं एवढंच की या पट्ट्यात हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. ते का, हे सांगणं हेच या प्रस्तावनेचं काम आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून निघालेला मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. त्याआधीच अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, जगाचा कापूसबाजार उलटापालटा केला होता. तिकडचा माल अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं, भाव उतरले, पण पेरा उतरला नाही. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या त्या बऱ्याचशा गेल्याच. लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. कापसाची निर्यात आणि अन्नाची टंचाई एकाच प्रदेशात हातात हात घालून कशी चालते, ते त्यातून कळतं. १८९९–१९०० चा दुष्काळ वऱ्हाडला बसला तेव्हा रूळही होते, कापूसही होता.

यवतमाळ मात्र या मुख्य मार्गापासून दूर राहिलं. इथला कापूस बंडीत भरून धामणगावला न्यायचा, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता बैलांच्या जिवावर काटायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. जिल्ह्याचं नावही तेव्हा वणी जिल्हा असं होतं. १९०५ च्या फेररचनेत दारव्हा आणि पुसद हे तालुके त्याला जोडले गेले आणि तो यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. जिल्ह्याचं ठाणं झालेल्या गावाला रेल्वे नाही, ही अडचण प्रशासनाला जेवढी होती त्याहून जास्त कापसाच्या व्यापाऱ्याला होती.

१९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली ती या गरजेवर. तिच्यामागे किलिक निक्सन ही १८५७ पासून मुंबईत व्यापार करणारी पेढी होती. मूर्तिजापूर हे मुख्य मार्गावरचं स्टेशन मध्ये धरून एक फाटा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला गेला, तो १९१३ साली सुरू झाला. दुसरा कारंजा आणि दारव्हा करत यवतमाळला आला. तिसरा, या दोहोंपासून सुटा, वर्धा जिल्ह्यात पुलगावहून आर्वीला गेला. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तिन्ही मार्गांवर गाड्या धावू लागल्या. मालकी कंपनीची, गाडी चालवण्याचं काम ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचं, अशी वाटणी होती. नकाशावर हे तीन फाटे पाहिले तर प्रत्येकाच्या टोकाला आणि मध्ये कापसाची बाजारपेठ दिसते. तीर्थक्षेत्र, छावणी किंवा थंड हवेचं ठिकाण यांच्यासाठी हे रूळ टाकलेले नव्हते. माथेरानची छोटी गाडी डोंगर बघायला नेते. ही गाडी गाठी न्यायला आली होती, माणसं मागून चढली.

रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने हीच रुंदी वापरून दाखवली होती. मुख्य मार्गाची रुंदी साडेपाच फूट. रुंदी निम्म्याहून कमी केली की भराव अरुंद होतो, पूल हलके होतात, वळणं आखूड घेता येतात आणि एकूण खर्च आवाक्यात येतो. पण छोटा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. यवतमाळची गाठ मूर्तिजापूरला उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. रूळ टाकताना जे पैसे वाचले ते पुढे वर्षानुवर्षं हमालांच्या पाठीने भरून दिले. मूर्तिजापूरच्या आवारातली चित्रं पाहताना हे ध्यानात ठेवलं तर छोटे रूळ आणि मोठे रूळ यांच्यामधली ती रिकामी जागा नुसती मोकळी जागा वाटणार नाही. अख्ख्या मार्गावर सर्वांत जास्त घाम तिथे गळला आहे.

या मार्गाबद्दल एक वाक्य फार लोकप्रिय आहे: वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला. त्यात अर्धंच तथ्य आहे. युद्धकाळात लँकेशायरच्या गिरण्यांनी हा कापूस नाइलाजाने घेतला, पण वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड आणि तिथल्या गिरण्यांना हवा होता लांब धाग्याचा अमेरिकी कापूस. यवतमाळचे रूळ पडले त्या काळात हिंदुस्थानी कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान होतं, दुसरं मुंबईच्या गिरण्या. मँचेस्टरहून इकडे आलं ते इंजिन. १९२१ साली तिथे घडवलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या रुळांवर धावू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं. त्याच्या जागी डिझेल आलं.

आता जमिनीकडे वळू, कारण चित्रात ती सगळ्यात जास्त जागा घेते. वऱ्हाडची जुनी विभागणी पायनघाट आणि बालाघाट अशी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, खोल काळ्या मातीचा तो पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा उंच, चढउतारांचा तो बालाघाट. मूर्तिजापूर पायनघाटात, तर यवतमाळ बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर. अकोला, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतून जाणारी ही गाडी खालच्या वऱ्हाडातून वरच्या वऱ्हाडात चढायची. मूर्तिजापूरकडे क्षितिज आडवं पडलेलं असतं. कॅमेरा कुठेही रोवा, निम्म्या चौकटीत आभाळ येतं. कारंजाकडे जमीन उठायला लागते. पुढे अडाण नदीच्या खोऱ्यातून दारव्हा आणि मग लाडखेड, लिंगा, लासीना करत यवतमाळ जवळ येतं, तसा मुरमाड माळ, सागाची झाडी आणि पळस दिसू लागतात. रुळांच्या बाजूची खोदलेली दरड पाहिली की वर हातभर काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ, असा जमिनीचा उभा छेद दिसतो. कास्तकाराला आपली जमीन हलकी की भारी हे नांगराने कळतं, कॅमेऱ्याला ते या दरडींनी कळलं. म्हणून पुस्तकाची मांडणी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे, खालून वर, अशी ठेवली आहे.

प्रकाशाबद्दल थोडं सांगायला हवं. कारंजा ते दारव्हा हा टप्पा ढोबळमानाने आग्नेयेकडे जातो आणि हिवाळ्यात सूर्यही आग्नेयेकडूनच उगवतो. डिसेंबरात सकाळी दारव्ह्याकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन समोरून, रुळांच्या रेषेतच येतं. गाडी चालू असतानाच्या जुन्या फोटोंत अशा वेळी रूळ पांढऱ्या रेघांसारखे चमकताना दिसतात. चाकांच्या घासण्याने रुळाचा माथा आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे ती चमक येते. चाकं थांबली की एका पावसाळ्यात तो माथा तांबारतो. आज त्याच जागी, त्याच उन्हात, रूळ तपकिरी आणि माती तपकिरी-काळी, दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. रूळ चौकटीत असूनही पटकन सापडत नाहीत. संगणकावर ते उजळता आले असते. तसं केलेलं नाही. वाचकाला रूळ शोधावे लागले तर ते बरोबरच आहे, कारण आता ते तसेच आहेत.

दुसरी अडचण कापसाची. काळी माती आणि फुटलेली बोंडं एकाच चौकटीत आली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गोंधळतो. मातीकडे बघून तो चित्र उजळ करतो, मग माती राखाडी, धुरकट दिसते आणि बोंडं पांढरे ठिपके होऊन जातात, त्यांतला धागा हरवतो. कापसाकडे बघून मोजलं तर माती डांबरासारखी काळी पडते आणि तिच्यातली ढेकळं, भेगा, पावलांचे ठसे नाहीसे होतात. इथे मोजमाप कापसावर ठेवलं आहे आणि मातीतला तपशील छपाईच्या वेळी सांभाळून वर आणला आहे. भर दुपारी हे साधत नाही. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतरच जमतं. योगायोग असा की वेचणीला बाया वावरात शिरतात तीही सकाळचीच वेळ असते.

ऋतूंचं वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाहून जास्त पाळावं लागलं. मृगाच्या पावसानंतर सरकी टोबली जाते तेव्हा रूळ उघडे दिसतात. श्रावणात तरोटा आणि गाजरगवत रुळांवर चढतं आणि सांधे जोडणारी फिशप्लेटसुद्धा दिसत नाही. भरावाचा उंचवटा तेवढा शिल्लक राहतो. दसऱ्याच्या सुमाराला बोंडं फुटू लागतात, वेचणीच्या आधी कित्येक घरी सीतादही होतं, दहीभात शिंपडून वावराची पूजा होते. मग दोन-तीन महिने सगळीकडे पांढरं. फाल्गुनात पळस फुलतो, तो रंगीत पोस्टकार्डांसाठी बरा, म्हणून त्याची चित्रं मोजकीच घेतली. एप्रिल-मे मध्ये पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून तिच्या गंजी लावल्या जातात, चुलीला वर्षभराचं सरपण होतं, नांगरलेलं वावर उघडं पडतं आणि रुळांचा भराव मैलभर अंतरावरूनही स्पष्ट दिसतो. ज्याला या मार्गाची आखणी समजून घ्यायची आहे त्याने उन्हाळ्यातली चित्रं पाहावीत. ज्याला हा मार्ग का आखला ते समजून घ्यायचं आहे त्याने कार्तिकातली पाहावीत.

बंद पडलेल्या रेल्वेचे फोटो काढताना हात आपोआप एका ठरावीक चित्राकडे जातो: रुळांच्या मध्ये उभं राहायचं, कॅमेरा खाली धरायचा, दोन्ही रूळ लांब जाऊन एका बिंदूत मिळतात ते टिपायचं. असा फोटो सुंदर दिसतो आणि काहीच सांगत नाही, कारण तो जगातल्या कुठल्याही रुळांचा असू शकतो. या पुस्तकात तसं चित्र जवळपास नाही. इथे कॅमेरा बहुतेक वेळा वावरात, धुऱ्यावर उभा आहे आणि रूळ चौकटीत आडवे जातात. गाडीतून वावर बघणारे खूप झाले. वावरातून गाडीची वाट बघणाऱ्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर काय दिसतं, ते मला दाखवायचं होतं.

या बाबतीत दोन परक्या गुरूंचा आधार घेतला. ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची अखेरची वाफेची इंजिनं रात्री, स्वतः तारा ओढून पेटवलेल्या फ्लॅशबल्बांच्या उजेडात टिपली. त्याच्या उत्तम चित्रांत इंजिन मागे असतं. पुढे ओढ्यात डुंबणारी पोरं असतात, मोटारीत बसून सिनेमा बघणारं जोडपं असतं. रेल्वे ज्यांच्या आयुष्यातून जाते त्या माणसांना त्याने पुढची जागा दिली. दुसरे गुरू म्हणजे बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य. त्यांनी पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, भट्ट्या यांची चित्रं वर्षानुवर्षं एकाच शिस्तीत काढली: ढगाळ प्रकाश, समोरासमोरची जागा, तेच अंतर. मग ती ओळीने मांडली. एकटी टाकी मुकी असते, पण एका ओळीत लावल्या की प्रत्येकीचा वेगळेपणा बोलू लागतो. या पुस्तकातली थांब्यांची चित्रं त्या शिस्तीने घेतली आहेत, ढगाळ दिवशी, समोरून, सारख्या अंतरावरून. लिंककडून माणसं घेतली, बेखर दांपत्याकडून इमारती.

त्यातल्या एका थांब्यापाशी वाचकाने जरा रेंगाळावं. इमारत म्हणावी तर एक खोली आणि पुढे पडवी. तिकीटखिडकीला पाटी नाही, गज आहेत. गजांखालच्या दगडी उंबऱ्यावर मधोमध खोलगट भाग झिजलेला आहे, पैसे सरकवून आणि कोपरं टेकून टेकून. आतल्या खोलीत कोणीतरी तुरीच्या काड्या रचून ठेवल्या आहेत. पडवीच्या खांबाला शेळी बांधायची दोरी आहे. समोरच्या रुळांच्या सांध्यावर चारांपैकी दोन बोल्ट शिल्लक आहेत आणि शेजारच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले आहेत, कारण रुळांच्या कडेचा भराव हाच आता कापसाच्या बंडीचा रस्ता आहे. म्हणजे कापूस अजूनही याच मार्गाने जातो. मार्ग बदललेला नाही, वाहन बदललं आहे. हे चित्र छापताना निम्म्या पानाचं होतं, शेवटी दोन पानांवर पसरलं.

गाडी कशी चालायची, हे या प्रदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. अखेरच्या वर्षांत तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असे. थांब्यांवरची कर्मचाऱ्यांची पदं कधीच संपली होती, म्हणून गार्डच तिकिटं द्यायचा. फाटकावर माणूस नसे. गाडी थांबायची, तिच्याबरोबरचा कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, तो फाटक उघडून पुन्हा चढायचा. मोजक्या माणसांवर अख्खी रेल्वे चालायची. या गोष्टी सांगताना ऐकणारे हसतात, सांगणारेही हसतात. पण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. बाजारहाट, दवाखाना, कोर्टाची तारीख, लेकीचं सासर या कामांना निघालेल्या ज्या माणसाला वेळेपेक्षा दहा-वीस रुपये महाग होते, तो या गाडीत बसायचा. गाडीच्या संथपणाचं कौतुक बहुतेक वेळा त्यांनी केलं ज्यांना तिने रोज जावं लागत नव्हतं.

मालकीबद्दलही असंच कौतुकमिश्रित कुतूहल आहे. १९५१ साली रेल्वेंची पुनर्रचना होऊन मध्य रेल्वे अस्तित्वात आली, पण या छोट्या कंपनीचे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. मध्य रेल्वेने गाडी चालवायची आणि कंपनीशी हिशेब करायचा, हा जुना करार मुदतवाढ घेत घेत चालू राहिला. त्यातूनच इंग्रज अजून भाडं वसूल करतात ही बातमी दर काही वर्षांनी नव्याने छापली जाते. खरं पाहता किलिक निक्सनची मालकी स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांकडे गेली. तेव्हा ही लंडनच्या साहेबाची गोष्ट उरत नाही, मुंबईतली एक खाजगी कंपनी आणि आपलीच सरकारी रेल्वे यांच्यातला न मिटलेला हिशेब उरतो. तशी ती कमी चटकदार आहे, पण भराव का खचले आणि पूल का अशक्त झाले याचं उत्तर तिच्यात सापडतं. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची असली की डागडुजीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न वर्षानुवर्षं टेबलावर राहतो. माल ट्रकवर गेलाच होता. गेल्या दशकात प्रवासी गाडीही थांबली.

रूळ बंद असले तरी जागा रेल्वेची आहे, त्यामुळे आवारात चित्रं घ्यायला परवानगी लागते, ती घेतली. पण खरी परवानगी वावरातल्या बायांची. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळपासून ओटीत जेवढा कापूस जमेल तेवढे पैसे. कॅमेऱ्याकडे बघायला बाई थांबली की तिचा पैसा थांबतो. म्हणून उभं राहून घेतलेलं, हसऱ्या चेहऱ्याचं चित्र इथे एकही नाही. हात चालू असतानाची चित्रं आहेत आणि जी स्थिर आहेत ती दुपारच्या भाकरीच्या वेळची किंवा संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो तेव्हाची, वजन होत असतानाची. काट्याच्या त्या चित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: सगळ्यांची नजर काट्याकडे आहे, कॅमेऱ्याकडे कोणाचीच नाही.

आणि पहिल्या परिच्छेदातलं ते पहिलं चित्र? ते या पुस्तकात नाही. त्या घरांत मी गेलो, बसलो, चहा घेतला, पण हार घातलेल्या फोटोसह बाईचा फोटो मागितला नाही. तो फोटो तिच्याकडून आजवर अनेकांनी मागितला आहे. त्या दुःखाची कारणं मात्र पुस्तकात जागोजागी आहेत. कोरडवाहू हलक्या जमिनीत पेरलेला कापूस आहे, पावसाच्या एका खंडात जगणारा आणि दुसऱ्यात मरणारा. पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतलेला, तोंडाला रुमालच बांधलेला माणूस आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले, त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनेही पीक खाल्लं. शंभर वर्षांपूर्वी ज्या पिकासाठी रूळ टाकले त्याच पिकावर हा प्रदेश अजून उभा आहे. भाव मात्र तेव्हाही दूर ठरत होता, आताही दूरच ठरतो. गाडी गेली, भाव ठरण्याचा हा दूरचा पत्ता तेवढा बदलला नाही. अडीच फुटी रुळांच्या गोड आठवणी आणि कास्तकाराचं दैन्य एकाच पुस्तकात कशाला, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर हेच आहे.

इथे कोणी म्हणेल की मग गाडी पुन्हा सुरू करा ही मागणी भाबडी आहे का? मुळीच नाही. या भागातल्या लोकांनी त्यासाठी निवेदनं दिली, आंदोलनं केली. २०१६ साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात हा मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. दरम्यान यवतमाळला दुसऱ्या बाजूने मोठे रूळ येत आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. लोकांना हवी आहे ती वेळेवर येणारी, परवडणारी गाडी. ती छोटी असली काय, मोठी असली काय. रूळ तसेच ठेवा, पर्यटनासाठी डबे रंगवा, असं म्हणणाऱ्यांनी आधी दारव्ह्याच्या माणसाला यवतमाळला जायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, ते विचारावं. काही थांबे, एखादा पूल, मूर्तिजापूरचं आवार जतन व्हायला हवं यात शंका नाही. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तसं काही वऱ्हाडातही उभं राहावं. पण जतन करायची गोष्ट आणि रोज लागणारी गोष्ट यांची गल्लत होऊ नये.

पुस्तक वाचण्याबद्दल एक सूचना. प्रत्येक चित्राखाली जागेचं नाव, महिना आणि बाजूच्या वावरातलं पीक दिलं आहे. कापूस, तूर, सोयाबीन, पडीक, असं एका शब्दात. पानं उलटताना ती नोंद आधी वाचावी आणि मग चित्र बघावं. पीक कुठे बदलतं, जमीन कुठे हलकी होते, बंडीवाट रुळांवर कुठे चढते आणि कुठे उतरते, हे ओळीने पाहिलं की पुस्तकाची गोष्ट आपोआप उलगडते. रूळ त्या गोष्टीतलं एक पात्र आहे. मुख्य पात्र जमीन आहे.

या संग्रहाचा निम्मा भाग मात्र माझ्याकडे नाही, तो या मार्गाच्या काठच्या घराघरांत आहे. गाडीपुढे उभी असलेली वरात, स्टेशनवर बदलीवर निघालेल्या गुरुजींचा सत्कार, सहलीला निघालेला वर्ग, कामावरच्या गँगमनांचा एकत्र फोटो, असे फोटो पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या मागे, लग्नाच्या अल्बमात आहेत. ते काढावेत, मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि माणसांची नावं लिहावीत, ओळखणारी माणसं आहेत तोवरच लिहावीत. गावच्या वाचनालयात किंवा शाळेत त्यांची एक प्रत ठेवावी. उद्या या भरावावर मोठे रूळ पडले की आजची खूण पुसली जाईल आणि ती पुसली जाणं अपरिहार्य आहे, कदाचित योग्यही. पण तेव्हा नव्या रुळांचं आखणीपत्रक घेऊन कोणी विचारेल की जुने रूळ कोणासाठी टाकले होते, त्यांनी इथून काय नेलं आणि इथे काय ठेवलं. त्या विचारणाऱ्याच्या हाती काही पुरावे असावेत. हे पुस्तक त्यांतला एक पुरावा म्हणून केलं आहे, दुसरे तुमच्याकडे आहेत.